आधी उत्तर शिका, मग वाट विचारा

परदेशी निघालेल्या माणसाच्या पिशवीत संभाषणाची एक छोटी पुस्तिका असते आणि तिच्यात ‘रस्ता विचारताना’ असं एक पान हमखास असतं. पोर्तुगालला जाणाऱ्याच्या पुस्तिकेत त्या पानावर ‘ओंद फीका’ हे दोन शब्द असतातच. ‘ओंद’ म्हणजे कुठे, ‘फीका’ म्हणजे आहे. पुढे स्टेशन, चर्च, दवाखाना, हॉटेल, जे हवं ते जोडायचं. आधी ‘दश्कूल्प’, म्हणजे माफ करा, आणि शेवटी ‘पुर फवोर’, म्हणजे कृपया, लावलं की प्रश्न पुरा होतो. चहा पिता पिता पाठ व्हावा इतका तो सोपा आहे. पण प्रश्न नीट विचारला की समोरचा माणूस उत्तर देतो आणि ते उत्तर पुस्तिकेत कुठेच छापलेलं नसतं. प्रश्न जितका सफाईदार, तितकं उत्तर लांबलचक आणि भरधाव, कारण विचारणाऱ्याला भाषा येते असा समोरच्याचा समज झालेला असतो. माझं म्हणणं असं की शिकवण्याचा हा क्रमच उलटा आहे. ज्याला पोर्तुगीज येत नाही त्याने आधी उत्तरं ऐकायला शिकावं आणि आपल्याला कळेल एवढंच उत्तर येईल अशा बेताने प्रश्न नंतर बांधावा.

वाट सांगणं ही बोलण्याची एक वेगळीच जात आहे. १९८२ साली डीटर वुंडरलिश आणि रुडॉल्फ राइनेल्ट या भाषाशास्त्रज्ञांनी अशा संभाषणाचे चार टप्पे मांडले: बोलण्याची सुरुवात, वाटेचं वर्णन, समजलं का याची खात्री आणि निरोप. पुस्तिकेत पहिला आणि चौथा टप्पा असतो. मधले दोन, ज्यांत खरं काम होतं, ते प्रवाशाच्या नशिबावर सोडलेले असतात. वर्णनाचा टप्पा अवघड का जातो, हे मानसशास्त्राने बरंच उलगडलेलं आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ सालच्या गाजलेल्या लेखात तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा साधारण सात गोष्टींपर्यंत असल्याचं मांडलं. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती आणखी खाली, चारच्या आसपास आणली. आता एखादं साधं उत्तर घ्या: सरळ जा, सिग्नलपाशी डावीकडे वळा, जिना उतरा, चौक ओलांडा, उजवीकडची दुसरी गल्ली घ्या, औषधाच्या दुकानाशेजारीच आहे. हे सहा तुकडे झाले. आपल्या भाषेतसुद्धा पाचवा तुकडा येईपर्यंत पहिला निसटू लागतो. परक्या भाषेत तर प्रत्येक तुकडा आधी ओळखावा लागतो आणि त्या खटाटोपातच स्मरणाची जागा भरून जाते. त्यामुळे हुशार, शिकलेला माणूसही मान डोलावतो, आभार मानतो आणि पहिल्या कोपऱ्यावर जाऊन पुन्हा थांबतो.

पोर्तुगालमध्ये त्यात उच्चाराची भर पडते. तिथल्या बोलण्यात ज्या स्वरावर आघात नाही तो जवळजवळ गिळला जातो. ‘तेलेफोने’ असं वाचता येणारा शब्द कानावर ‘त्लफॉन’ असा येतो. शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुतेक वेळा ‘श’ होतो. लिस्बनला तिथले लोक ‘लिझ्बोआ’ म्हणतात. जवळचं कॅस्केस हे समुद्रकाठचं गाव त्यांच्या तोंडी ‘कश्काइश’ होतं, आणि तिकडची गाडी ज्या स्टेशनातून सुटते ते ‘काइश दु सुद्रे’. नकाशावर कॅस्केसचं नाव रोमन लिपीत वाचून इंग्रजी वळणाने मनात घोळवलं असेल, तर कुणी शंभरदा ‘कश्काइश’ म्हटलं तरी आपण त्याच गावाबद्दल विचारत होतो हे ध्यानात येणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी ज्या दहाबारा ठिकाणी जायचं आहे त्यांची नावं कुणा पोर्तुगीज माणसाच्या आवाजात ऐकून घ्यावीत आणि देवनागरीत उतरवून ठेवावीत. पोर्तुगालची सार्वजनिक आकाशवाणी इंटरनेटवर फुकट ऐकता येते, शब्दकोशांतही उच्चार ऐकायची सोय असते. पाठांतराच्या तासाभरापेक्षा ऐकण्याची दहा मिनिटं इथे जास्त कामाला येतात.

या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे आणि तो त्याने घ्यावा. पोर्तुगीज ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखेच. ‘प’ आणि ‘क’ फुंकर न घालता म्हटले जातात, तेही आपल्यासारखेच. इंग्रजी बोलणाऱ्याला जे उच्चार मुद्दाम सुधारावे लागतात ते आपल्या जिभेवर आधीच बसलेले आहेत. फक्त शब्द इंग्रजीच्या वाटेने शिकू नयेत. नाकातून येणारे स्वर मराठीत तितके ठळक उरलेले नाहीत, पण कोकणीत आहेत. गोव्यात २४ जूनला विहिरींत उड्या घेऊन जो सण साजरा होतो त्याला ‘सांजांव’ म्हणतात. ते ‘सांव जुआंव’, म्हणजे संत जॉन, या पोर्तुगीज नावाचंच रूप. त्या नावातला ‘आंव’ ज्याला ऐकून ठाऊक आहे त्याला स्टेशन म्हणजे ‘श्तसांव’ हे सांगावं लागत नाही. चावी, पाव, बटाटा, लिलाव हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे खरं असलं, तरी रस्त्यावर त्यांच्या भरवशावर राहू नये. वाटेच्या उत्तरात त्यांतला एकही येत नाही.

मग काय येतं? समाधानाची गोष्ट अशी की उत्तराचा शब्दसंग्रह प्रश्नांपेक्षा लहान आहे. प्रश्न जगातल्या कुठल्याही ठिकाणाबद्दल असू शकतो, पण माणसाला वळायला दिशा मोजक्याच असतात. ‘आ श्केर्दा’ म्हणजे डावीकडे, ‘आ दिरैता’ म्हणजे उजवीकडे, ‘सेंप्र ऐं फ्रेंत’ म्हणजे सरळ पुढे. ‘सूबा’ म्हणजे चढा, ‘देश्सा’ म्हणजे उतरा, ‘वीर’ म्हणजे वळा, ‘सीगा’ म्हणजे चालत राहा. ‘प्रिमैरा’ पहिली, ‘सगुंदा’ दुसरी, ‘तर्सैरा’ तिसरी. गल्ल्या अशाच मोजल्या जातात. ‘अते’ म्हणजे पर्यंत, ‘द्पोइश’ म्हणजे नंतर. ‘श्कीना’ म्हणजे कोपरा, ‘आउ फुंदु’ म्हणजे पार टोकाला. जेमतेम वीस शब्द झाले. हे वीस शब्द कुठल्याही क्रमाने, कुठल्याही वेगाने ऐकू आले तरी ओळखता येणं, एवढीच खरी पूर्वतयारी. ते स्वतःच्या तोंडून सुबक निघाले नाहीत तरी बिघडत नाही.

यांत दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. पोर्तुगालमध्ये ‘सरळ’ सांगताना पुष्कळ जण ‘सेंप्र अ दिरैतु’ म्हणतात. ‘दिरैता’ म्हणजे उजवीकडे आणि ‘अ दिरैतु’ म्हणजे नाकासमोर. फरक शेवटच्या एका स्वराचा आणि तोही दबक्या आवाजातला. नवखा माणूस इथे उजवीकडे वळतो. दुसरं ठिकाण ‘ऐं फ्रेंत’चं. नुसतं आलं तर पुढे, पण त्याच्यामागे एखाद्या इमारतीचं नाव जोडलेलं असेल तर त्या इमारतीच्या समोर. बँकेच्या पुढे चालत राहायचं की बँकेसमोर थांबायचं, हे त्या जोडणीवर ठरतं. हाताची खूण पाहिली तर दोन्ही घोटाळे टळतात, म्हणून ऐकताना नजर सांगणाऱ्याच्या हातावर ठेवावी. पोर्तुगालच्या अनेक जुन्या गावांत ‘रुआ दिरैता’ नावाचा रस्ता सापडतो. अर्थ ‘सरळ रस्ता’, प्रत्यक्षात तो बरेचदा वळणं घेत जातो, कारण ते नाव गावाच्या मुख्य रस्त्याला दिलेलं असतं. जुन्या गोव्यातही व्हाइसरॉयच्या कमानीपासून आत जाणाऱ्या मुख्य रस्त्याचं नाव हेच होतं. लिन्सखोतेन या डच प्रवाशाच्या १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तिथल्या गजबजलेल्या बाजाराचं चित्र आहे.

उत्तर कसं येणार हे शहराच्या घडणीवरही अवलंबून असतं, आणि लिस्बनमध्ये एकाच शहरात दोन वेगळी शहरं आहेत. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि आगीने नदीकाठचा सखल भाग धुळीला मिळाला. राजाचे मंत्री मार्केश द पोंबाल यांच्या कारकिर्दीत मानुएल द माया, एउजेनिउ दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांनी तो नव्याने आखला. तीच आजची ‘बाइशा’: काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, कित्येकांना धंद्यांची नावं. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, मुलामा देणाऱ्यांचा. तिथे ‘दुसरी गल्ली उजवीकडे’ हे उत्तर गणितासारखं बिनचूक ठरतं. तिथून पूर्वेला टेकडीवर अल्फामा आहे. भूकंपातून ती वस्ती बऱ्याच अंशी वाचली आणि तिच्याबरोबर तिचे मध्ययुगीन गल्लीबोळही वाचले. तिथे दुसरी गल्ली कुठली म्हणायची हेच ठरत नाही, कारण जिना गल्लीत धरायचा की नाही, कुणाचं अंगण रस्ता म्हणून मोजायचं, याला नियम नाही. त्यामुळे अल्फामातली माणसं डावं-उजवं कमी सांगतात आणि चढ-उतार जास्त. ‘सूबा’, ‘देश्सा’, ‘ला ऐं सीमा’ म्हणजे तिथे वर, ‘ला ऐं बाइशु’ म्हणजे तिथे खाली. हे ठाऊक नसलेला प्रवासी डाव्या-उजव्याची वाट पाहत राहतो आणि आलेलं उत्तर त्याच्या कानात शिरतच नाही.

रस्त्याच्या जातीही उत्तरातच दडलेल्या असतात. ‘रुआ’ म्हणजे साधा रस्ता, ‘अवनीदा’ म्हणजे मोठा हमरस्ता, ‘त्रावॅसा’ म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारी आडवी गल्ली, ‘बेकु’ म्हणजे बोळ, बऱ्याचदा पुढे बंद. ‘कालसादा’ हा फरसबंदीचा चढ, ‘श्कादीन्याश’ म्हणजे पायऱ्यांचा रस्ता. ‘प्रासा’ मोठा चौक, ‘लार्गु’ लहान. चाकांची पेटी ओढत निघालेल्या माणसाला ‘श्कादीन्याश’ हा शब्द कळला तर तो वेळीच दुसरी वाट विचारेल; गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन हिंडणाऱ्यालाही तो कळलेला बरा. लिस्बनच्या टेकड्यांवर ही माहिती डाव्या-उजव्याइतकीच मोलाची आहे.

नावांचा गुंता याहून मोठा, कारण लोकांच्या तोंडचं नाव आणि सरकारी नाव पुष्कळदा वेगळं असतं. शहराच्या मध्यावरच्या चौकाचं अधिकृत नाव चौथ्या दोम पेद्रु राजाच्या नावे आहे, पण लिस्बनमध्ये त्याला सगळे ‘रुसीउ’ म्हणतात. नदीकाठच्या भव्य चौकाला सरकार व्यापार चौक म्हणतं. लोकांच्या लेखी तो अजून ‘तरैरु दु पासु’ आहे, म्हणजे राजवाड्याचं अंगण. तो राजवाडा १७५५ मध्येच गेला. मार्केश द पोंबाल यांचा पुतळा असलेलं मोठं वर्तुळ बोलण्यात नुसतं ‘मार्केश’ होतं. केव्हिन लिंच या नगररचनाकाराने १९६० साली अमेरिकेतल्या तीन शहरांच्या अभ्यासावरून दाखवलं की माणसं शहर मनात साठवतात ते वाटा, कडा, वस्त्या, गाठीची ठिकाणं आणि ठळक खुणा यांच्या रूपाने. सांगणारा माणूस आपल्या मनातलं तेच शहर सांगतो. म्हणून पाटीवरचा रस्ता आणि घर क्रमांक विचारण्यापेक्षा जवळची सर्वांना ठाऊक असलेली खूण विचारली तर उत्तर झटकन आणि बिनचूक येतं. तिथपर्यंत पोहोचल्यावर घर शोधायला दुसऱ्याला विचारता येतं. घराच्या पत्त्यात मजला आणि डावं-उजवं दार दोन्ही लिहिलेलं असतं, आणि मजले आपल्यासारखेच तळमजल्यानंतर मोजतात, हे मात्र आधीच माहीत असू द्यावं.

आता प्रश्नाकडे येऊ. उत्तर लहान हवं असेल तर प्रश्नच तसा घडवला पाहिजे. ‘ओंद फीका’ हा उघडा प्रश्न आहे, तो समोरच्याला संपूर्ण वर्णनाचं आमंत्रण देतो. त्याऐवजी ज्या दिशेला चाललो आहोत तिकडे हात करून ‘रुसीउ, ए पुराकी?’ म्हणजे ‘रुसीउला इकडूनच ना?’ असं विचारलं, तर उत्तर ‘सिं’ किंवा ‘नांव’, हो किंवा नाही. ‘नांव’ आलं तरी त्यासोबत बोट दुसरीकडे वळतंच. ‘आ श्केर्दा ओ आ दिरैता?’ या प्रश्नाचं उत्तर दोनांपैकी एकच असतं. ‘दा परा ईर अ पे?’ म्हणजे पायी जाता येईल का? अंतर विचारताना ‘ए लोंझ?’ म्हणजे लांब आहे का, यात अडकू नये. डोंगराळ शहरात जन्म काढलेल्या माणसाचं जवळ आणि आपलं जवळ एक नसतं, आणि ‘ए झा अली’, हे काय इथेच, असं सांगण्याची रीत तिथेही आहे. ‘क्वांतुश मिनूतुश?’ म्हणजे किती मिनिटं, असं विचारावं. उत्तरात ‘सिंकु’ पाच, ‘देश’ दहा, ‘किंझ’ पंधरा, ‘विंत’ वीस यांपैकी काहीतरी येईल. त्याहून जास्त काही ऐकू आलं तर बसची चौकशी करावी.

खात्रीचा टप्पा आपल्याकडे घेणं हे याहून महत्त्वाचं. सांगून झाल्यावर जेवढं कळलं तेवढं तुटक शब्दांत परत म्हणावं: ‘ऐं फ्रेंत, द्पोइश आ श्केर्दा?’ चूक असेल तर समोरचा तिथल्या तिथे सुधारतो. अमुक गोष्ट कळली नाही हे सांगण्यापेक्षा अमुक कळली हे सांगणं सोपं असतं आणि सांगणाऱ्यालाही त्यावरून पुढे किती बोलायचं याचा अंदाज येतो. ‘माइश द्वगार’, म्हणजे जरा सावकाश, हे दोन शब्द यासाठी तयार हवेत. आणि सगळी वाट एकालाच विचारण्याचा हट्ट सोडावा. पहिल्या दोन वळणांपुरतं ऐकावं, तिथे जाऊन दुसऱ्याला विचारावं. स्मरणात चारच गोष्टी मावतात तर वाटेचेही चारचार गोष्टींचे तुकडे करावेत. दोघांना विचारल्याने आणखी एक फायदा होतो. माहीत नसतानाही मदत करायच्या भरात चुकीची वाट सांगणारे सज्जन सगळ्या देशांत असतात. दुसरं उत्तर पहिल्याशी जुळलं नाही तर ते लगेच उघडकीस येतं. विचारायचं कुणाला, हेही थोडं ठरवून ठेवावं. कोपऱ्यावरचं कॅफे, वर्तमानपत्रांचा स्टॉल, हिरव्या क्रॉसची पाटी असलेलं औषधांचं दुकान, ही रोज त्याच जागी उभ्या असणाऱ्या माणसांची ठिकाणं आहेत. चौकातल्या गर्दीत निम्मे लोक आपल्यासारखेच पाहुणे असतात.

सुरुवातीच्या टप्प्याला पोर्तुगालमध्ये वजन आहे. आधी ‘बों दीआ’, दुपारनंतर ‘बोआ तार्द’, अंधार पडल्यावर ‘बोआ नोइत’, आणि मग प्रश्न. थेट प्रश्नावर उडी घेणं तिथे उद्धट वाटतं. संबोधनाचा प्रश्न त्याहून नाजूक. ‘तु’ हे घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी. ‘वोसे’ हे ब्राझीलमध्ये सरसकट चालतं, पण पोर्तुगालमध्ये अनोळखी माणसाला, विशेषतः वडीलधाऱ्याला, ते खटकू शकतं. तिथे ‘उ सिन्योर’ किंवा ‘अ सिन्योरा’ असा आदर आहे. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आपणही तू, तुम्ही, आपण यांत रोज निवड करतो, आणि संशय असेल तेव्हा सर्वनाम गाळून ‘जरा सांगाल का?’ म्हणतो. पोर्तुगीजमध्ये नेमकी हीच सोय आहे. ‘साब ओंद फीका...?’ म्हणजे ‘कुठे आहे माहीत आहे का?’, ‘पॉद दिझेर-म...?’ म्हणजे ‘सांगू शकाल का?’ दोन्हींत सर्वनाम नाही, क्रियापद आदराचं आहे, कुणाचाही मान राखला जातो. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं; समोर कोण आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पोर्तुगालमध्ये इंग्रजी चालतं, मग हा खटाटोप कशाला? चालतं, हे खरंच आहे. परदेशी चित्रपट आणि मालिका तिथे बहुधा भाषांतरित आवाजात न दाखवता खाली ओळी देऊन दाखवतात, त्यामुळे तरुणांचा कान इंग्रजीला सरावलेला असतो. लिस्बन-पोर्तुच्या हॉटेलांत आणि संग्रहालयांत पोर्तुगीजवाचून काही अडत नाही. पण वाट चुकण्याची जागा संग्रहालय नसते. ती अल्फामातला बोळ असते, आलेंतेजु प्रांतातलं गाव असतं, जिथे बाकावर सत्तरीचे आजोबा बसलेले असतात. त्यांच्या पिढीने शाळेत शिकलीच तर फ्रेंच शिकली, आणि १९६० च्या दशकात लाखो पोर्तुगीज पोटासाठी फ्रान्सला गेले; त्यांच्यापाशी इंग्रजीपेक्षा फ्रेंच चालण्याची शक्यता अधिक. स्पॅनिश बोलून भागेल असं काहींना वाटतं. पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश बरीचशी समजते, उत्तर मात्र तो पोर्तुगीजमध्ये देतो, आणि आपली भाषा स्पॅनिशमध्ये जमा धरलेली त्याला सहसा आवडत नाही. लिस्बनच्या मार्तिं मुनीश भागात दक्षिण आशियाई दुकानदार इतके आहेत की तिथे हिंदीत विचारूनही वाट मिळू शकते. तीही सोय वापरायला हरकत नाही, पण ती एका वस्तीपुरती आहे.

दुसरा आक्षेप फोनचा, आणि तो अधिक वजनदार आहे. खिशात नकाशा असताना माणसाला का विचारायचं? मोकळ्या रस्त्यावर, गाडी चालवताना, नकाशाच चांगला. माझा त्याच्याशी वाद नाही. पण अरुंद बोळात उंच भिंतींवर आपटून उपग्रहाचे संकेत भरकटतात, निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो, बॅटरी संपते. त्याहून मोठी उणीव अशी की आज सकाळी जिन्याची दुरुस्ती सुरू झाली, संप असल्याने ट्राम येणार नाही, ही वाट अंधार पडल्यावर घेऊ नका, हे सगळं तिथे उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं. पोर्तुगीजांच्याच इतिहासात याचा मोठा दाखला आहे. वास्को द गामाचा ताफा आफ्रिकेचं टोक ओलांडून आला तेव्हा त्याच्याकडे त्या काळची उत्तम साधनं होती, तरी हिंदी महासागर ओलांडायला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून वाट जाणणारा वाटाड्या घ्यावा लागला आणि मगच तो १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. साधन आणि माणूस यांत निवड करायची गरजच नाही. नकाशा पुढे धरून ‘ए पुराकी?’ विचारणं हा दोन्हींचा उत्तम मेळ आहे, कारण तेव्हा सांगणारा नकाशावर बोट ठेवतो आणि निम्मं भाषांतर आपोआप होतं.

हे सगळं पोर्तुगालबद्दल झालं. वीस कोटींहून अधिक वस्तीच्या ब्राझीलमध्ये हीच भाषा ऐकायला बरीच सोपी आहे, स्वर मोकळे उच्चारले जातात. पण बऱ्याच भागांत ‘ते’चा ‘ची’ आणि ‘दे’चा ‘जी’ होतो: ‘बोआ तार्द’ तिथे ‘बोआ तार्जी’ होतं. सरळ म्हणजे ‘हेतु’, कारण शब्दारंभीचा र तिथे ह कडे झुकतो. पोर्तुगालची बस ‘आउतोकार्रु’ तिथे ‘ओनिबुस’, आगगाडी ‘कोंबॉयु’ऐवजी ‘त्रेंय’, बसथांबा ‘पराजें’ऐवजी ‘पोंतु’. ‘कालसादा’ म्हणजे चढाचा रस्ता, असं लिस्बनमध्ये शिकून गेलेल्याला तिथे तो शब्द पदपथासाठी ऐकू येतो. सिग्नलला तर ब्राझीलच्या आतच साओ पाउलोत एक शब्द, रिओत दुसरा. आणि १९६० साली उद्घाटन झालेल्या ब्राझिलिया या आखीव राजधानीत पत्ते अक्षरं आणि आकड्यांत असतात. तिथे वळणांऐवजी दक्षिण पंख की उत्तर पंख आणि कितवा चौकोन हे आधी विचारायचं. म्हणून एकाच पोर्तुगीज पुस्तिकेवर दोन्ही देशांत हिंडायला निघू नये.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते, पणजीत फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था काम करते, आणि मुंबई-पुण्याहून लिस्बनला नोकरीसाठी, शिक्षणासाठी, सहलीसाठी जाणारे मराठी लोक आज आहेत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नातवंडांपैकी अनेकांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं आहे. त्यांना तर तिथे घर, कचेरी, शाळा सगळंच शोधायचं असतं. या सगळ्यांसाठी देवनागरीतली, लिस्बनच्या उच्चाराबरहुकूम लिहिलेली, आधी उत्तरं आणि मग प्रश्न देणारी चाळीस पानांची पुस्तिका करणं अजिबात अवघड नाही. सोबत प्रत्येक वाक्य दोन वेगांत बोलून दाखवणारं ध्वनिमुद्रण हवं, एकदा सावकाश आणि एकदा रस्त्यावरच्या वेगाने. पोर्तुगीज शिकवणाऱ्या मराठी आणि कोकणी अध्यापकांनी हे काम हाती घ्यावं, आणि मराठी प्रकाशकांनी ते छापावं.